चौघांची युरोप रेल्वे सहल: मुक्काम आधी, पास शेवटी

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न असा आहे. त्या, त्यांचे यजमान, दहा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई असे चौघे मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात पहिल्यांदाच युरोपला निघाले आहेत. हाताशी तेरा रात्री आहेत. ग्रुप टूरची पहाटेची बस नको, सगळा प्रवास रेल्वेने करायचा आहे. यादीत लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, कलोन, झुरिक, इंटरलाकेन, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम अशी दहा शहरं आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलीला व्हेनिसच्या होडीत बसायचंय, ताईंना ट्युलिपची शेतं बघायची आहेत. आणि विचारलंय ते एवढंच, की युरेल पास, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या गाड्यांत चालणारा एकच पास, दहा दिवसांचा घ्यावा की पंधरा?

ताई, पासबद्दल सांगते, पण थोडं पुढे. कारण तुमची खरी अडचण पासची नाही. तेरा रात्रींत चार माणसांच्या बॅगा किती वेळा उचलायच्या, हा तुमचा प्रश्न आहे. तो सुटला की पास लागतो की नाही, व्हिसा कोणत्या देशाचा काढायचा, विमान कुठून कुठे घ्यायचं, हे सगळं आपोआप जागेवर बसतं. पुण्यात बसून अशा सहली आखून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, आणि पहिल्यांदा जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराची यादी अशीच येते. नकाशावर ही शहरं एकमेकांना चिकटलेली दिसतात, गाड्या वेगवान आहेत, मग तीन तासांत पुढचं शहर का नाही गाठायचं, असं कुणालाही वाटेल.

पण गाडीचे तीन तास म्हणजे प्रवासाचे तीन तास नव्हेत. मी नेहमी एका पलंगापासून दुसऱ्या पलंगापर्यंतचा वेळ धरते. तुमच्याच यादीतला पॅरिस ते इंटरलाकेन हा टप्पा घ्या. पॅरिसहून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत टीजीव्ही लिरिया ही वेगवान गाडी साधारण तीन तास घेते, बाझेलहून इंटरलाकेन ओस्टपर्यंत थेट गाडीला साधारण दोन तास लागतात. झाले पाच. आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. सकाळी उठून चौघांच्या आंघोळी, नाश्ता, बॅगा बंद करणं, चार्जर राहिला का हे बघणं यात साडेनऊ वाजतात. टॅक्सीने गार द लियों स्टेशन. हे स्टेशन भलं मोठं आहे. तिथल्या काही फलाटांना अक्षरं आहेत आणि काहींना आकडे, आणि ते वेगवेगळ्या हॉलमध्ये आहेत. तुमच्या गाडीचा फलाट सुटण्याच्या साधारण वीस मिनिटं आधी बोर्डावर लागतो. त्यानंतर गर्दीतून योग्य हॉल गाठायचा, फाटकावर तिकीट स्कॅन करायचं, आपला डबा शोधायचा, बॅगा चढवायच्या, आणि दारं गाडी सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. सासूबाई सोबत असताना मी गाडीच्या पाऊण तास आधी स्टेशनावर हजर राहायला सांगते. बाझेलला अर्धा-पाऊण तासाची जागा ठेवा. इंटरलाकेनला उतरून हॉटेल, चावी, खोली, चहा. दिवस संपला. संध्याकाळी नदीकाठी एक फेरी होईल, तेवढीच.

म्हणजे शहर बदलण्याचा दिवस हा फिरण्याचा दिवस नसतो. दहा शहरं म्हणजे नऊ बदल, म्हणजे तेरापैकी नऊ दिवस स्टेशनं बघण्यात. म्हणून तुमच्या घरासाठी मी चार मुक्काम धरते. पॅरिस चार रात्री, इंटरलाकेन चार, व्हेनिस दोन, रोम तीन. तीन बदल. यातला प्रत्येक आकडा बदलता येईल, पण बदलांची संख्या चारच्या वर नेऊ नका. कॉलेजातली चार मित्रमंडळी पाठीवर सॅक टाकून निघाली असती तर मी वेगळं सांगितलं असतं. गुडघेदुखी आणि दहा वर्षांचं मूल सोबत असताना हेच सांगेन.

आता जी नावं कापली त्यांची कारणं देते, म्हणजे घरी चर्चा करायला सोपं जाईल.

लंडन सगळ्यात आधी, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही. त्याचा व्हिसा वेगळा, फी वेगळी, कागदपत्रांचा गठ्ठा वेगळा. लंडन-पॅरिस युरोस्टार सव्वादोन-अडीच तासांत पोचते खरी, पण गाडीत बसण्याआधी विमानतळासारखी बॅगांची आणि पासपोर्टची तपासणी असते, त्यासाठी बरंच आधी पोचावं लागतं. लंडनला कुणी जवळचं राहत असेल आणि भेटायचंच असेल तर गोष्ट निराळी.

अ‍ॅमस्टरडॅम कापायला मला जिवावर आलं, कारण तुमची फुलांची हौस कळते. पण कोकेनहॉफची बाग साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. तुम्ही पोचाल तोवर ती बंद झालेली असेल आणि बाहेरच्या शेतांतल्या फुलांची खुडणीही होऊन गेलेली असेल. ट्युलिप हाच मुख्य हेतू असेल तर सहल एप्रिलमध्ये घ्या आणि मग इटली सोडा. अ‍ॅमस्टरडॅमहून कलोनमार्गे स्वित्झर्लंड गाठणं म्हणजे जर्मनीतून लांबचा प्रवास, आणि तिथे सध्या गाड्यांचा भरवसा कमी आहे. २०२४ मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झालेली गाडीही यात वेळेवरच धरली आहे. पहिल्याच सहलीत बदलाच्या गाड्या चुकवण्याची धाकधूक कशाला हवी?

झुरिक छान शहर आहे, पण स्वित्झर्लंडला तुम्ही डोंगर बघायला चाललात. फ्लॉरेन्स कापताना वाईट वाटतं, पण मुलीला व्हेनिस हवंय आणि दोन्ही घेतली तर पुन्हा एक बदल वाढतो. रोमच्या तीन रात्रींतला एक दिवस फ्लॉरेन्सला देता येईल, वेगवान गाडीने दीड तास जायला, दीड तास यायला. तो निर्णय रोमला पोचल्यावर सासूबाईंचे पाय बघून घ्या.

विमानाचं तिकीट पॅरिसला उतरणारं आणि रोमहून निघणारं घ्या. शोधताना 'मल्टी-सिटी' हा पर्याय निवडा. जाऊन-येऊन पॅरिस घेतलं तर शेवटचा अख्खा दिवस परत पॅरिस गाठण्यात जातो. भाड्यात थोडा फरक पडला तरी तो दिवस जास्त मोलाचा आहे. रोमहून परतताना तेर्मिनी स्टेशनावरून फ्युमिचिनो विमानतळाला लिओनार्दो एक्सप्रेस बत्तीस मिनिटांत थेट नेते, त्यामुळे रोमचं हॉटेल तेर्मिनीपासून चालत जाण्याच्या अंतरावर बघा.

व्हिसाचं गणितही रात्रींवरच बसतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. शेंगेनचा एकच व्हिसा २९ देशांत चालतो आणि स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नसलं तरी शेंगेनमध्ये आहे. अर्ज मात्र जिथे सगळ्यात जास्त मुक्काम त्या देशाकडे करायचा. वरच्या आखणीत फ्रान्सच्या चार, स्वित्झर्लंडच्या चार आणि इटलीच्या पाच रात्री होतात, म्हणून अर्ज इटलीकडे जाईल. तुम्ही पॅरिसला दोन रात्री वाढवून रोममधून दोन कमी केल्या तर तोच अर्ज फ्रान्सकडे जाईल. म्हणून आखणी पक्की होण्याआधी व्हिसाची अपॉइंटमेंट घेऊ नका. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मुंबईतल्या अपॉइंटमेंटच्या तारखा भराभर भरतात. तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज करा. मोठ्यांना ९० युरो फी आहे, तुमच्या मुलीच्या वयाला ४५, वर व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क. प्रवासविमा निदान ३०,००० युरोंचा लागतो. सासूबाईंच्या विम्यात आधीपासूनच्या दुखण्यांना संरक्षण आहे का, ते कागद वाचून बघा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

व्हिसाच्या अर्जाला हॉटेलची बुकिंग लागतात, ती रद्द करता येणारी घ्या. स्वस्तातली रेल्वे तिकिटं मात्र बहुतेक परत होत नाहीत, म्हणून ती व्हिसा हातात आल्यावरच. तोवर भाडं वाढलं तर, असं तुम्ही विचाराल. वाढेल थोडं. पण व्हिसा लांबल्यामुळे चौघांची तिकिटं बुडण्यापेक्षा ते परवडतं. फेब्रुवारीत अर्ज करून मार्चमध्ये तिकिटं काढणाऱ्यांना मेच्या गाड्या ठीकठाक दरात मिळतात, असा माझा अनुभव आहे. मे महिन्यात तिकडे सुट्ट्याही बऱ्याच असतात. असेन्शनचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवार हे ख्रिस्ती सण ईस्टरवर अवलंबून असल्यामुळे दरवर्षी सरकतात. त्या वर्षीचं कॅलेंडर बघून बदलाचे दिवस त्या जोडसुट्ट्यांवर येऊ देऊ नका, फ्रान्समधून निघणाऱ्या गाड्या तेव्हा खचाखच असतात.

आता पास. युरेल पास घेतला की तिकिटं संपली, असा समज असतो. तसं नाही. टीजीव्ही लिरिया, इटलीच्या वेगवान गाड्या, स्वित्झर्लंडहून मिलानला जाणाऱ्या युरोसिटी, या सगळ्यांना पास असला तरी जागेचं आरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं, आणि काही गाड्यांत पासवाल्यांसाठीच्या जागा मोजक्याच असतात. तुमचे लांबचे प्रवास एकूण तीन दिवसांचे. त्यासाठी दहा किंवा पंधरा दिवसांचा पास म्हणजे पैसे वाया. सुटी तिकिटं वेळेवर काढलीत तर तीच स्वस्त पडतील. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड अशा देशांत, जिथे बहुतेक गाड्यांना आरक्षण सक्तीचं नाही, तिथे रोज मनाला येईल तिकडे जाणाऱ्या माणसाला युरेल पास खरंच उपयोगी पडतो. तुम्ही ते करणार नाही आहात.

स्वित्झर्लंडचं गणित वेगळं आणि ते नीट मांडून बघण्यासारखं आहे. तिथे स्विस ट्रॅव्हल पास मिळतो, त्यात रेल्वे, बस, तलावातल्या बोटी आणि बरीच संग्रहालयं येतात. तो सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा असतो. तुमच्या चार रात्री म्हणजे कॅलेंडरवर पाच दिवस, आणि पाच दिवसांचा पासच नाही. दुसरा पर्याय हाफ फेअर कार्डचा. ते महिनाभर चालतं आणि जवळजवळ सगळं निम्म्या दरात देतं. तुम्ही युंगफ्राउयोखला, म्हणजे बर्फाच्या डोंगरावरच्या रेल्वे स्टेशनाला जाणार असाल तर फरक पडतो, कारण ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या खालच्या गावांपासून वर ट्रॅव्हल पासवर २५ टक्के सूट मिळते आणि हाफ फेअर कार्डवर ५० टक्के. त्या एकाच डोंगराचं पूर्ण भाडं माणशी दोनशे फ्रँकच्या वर जातं. म्हणून एक मोठा डोंगर आणि बाकी जवळपास फिरणं असेल तर हाफ फेअर कार्ड. डोंगर महाग वाटतो, पण रोज बोट, रोज वेगळं गाव करायचं असेल तर ट्रॅव्हल पास. मुलीसाठी फॅमिली कार्ड मागून घ्या, ते फुकट असतं आणि सोळा वर्षांखालील मुलं आईवडिलांबरोबर त्यावर विनातिकीट प्रवास करतात.

युंगफ्राउयोखबद्दल एक काळजीचं बोलते. ते स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. तासा-दोन तासांत एवढ्या उंचीवर गेलं की धडधाकट माणसाचंही डोकं जड होतं. सासूबाईंना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि त्यांना जायचं नसेल तर दोन गटांत दिवस काढा. ब्रिएन्झच्या तलावातली बोट त्यांना कदाचित जास्त आवडेल. तिकीट आदल्या दिवशी घेऊ नका. सकाळी उठल्यावर वरच्या थेट कॅमेऱ्याचं चित्र फोनवर बघा. ढग असतील तर तो दिवस लाउटरब्रुनेन आणि तिथला श्टाउबबाख धबधबा यांना द्या, आणि डोंगर उद्यावर ढकला. चार रात्री सांगितल्या त्या यासाठीच. दोनच रात्री असत्या तर धुक्यात उभं राहून परतावं लागलं असतं. मेमध्ये काही रोपवे हंगामाआधीच्या दुरुस्तीसाठी बंद असतात, तेही तपासा.

इंटरलाकेनला दोन स्टेशनं आहेत, वेस्ट आणि ओस्ट. डोंगराकडच्या गाड्या ओस्टवरून सुटतात, हॉटेल त्या बाजूला घ्या. तिथून लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्डला जाणारी गाडी एकच असते आणि ती त्स्वाइल्युचिनेनला दुभंगते, अर्धे डबे एका दरीत, अर्धे दुसऱ्या. फलाटावर ए, बी, सी असे भाग लिहिलेले असतात. बोर्डावर तुमच्या गावापुढे कोणतं अक्षर आहे ते बघून तिथेच उभं राहा आणि डब्यावरची पाटीही वाचा. एवढं केलं की झालं, चुकून दुसऱ्या दरीत गेलात तरी परतीची गाडी अर्ध्या तासाने असते. स्विस वेळापत्रकाची हीच गंमत मला फार आवडते. १९८२ पासून तिथे गाड्या दर तासाला ठरलेल्या मिनिटाला सुटतात आणि एकमेकींची वाट बघतील अशा बेताने जुळवलेल्या असतात. म्हणून तिथे बदलायला सहा-सात मिनिटं दिसली तरी घाबरू नका. तोच हिशेब इटलीत लावायचा नाही.

तुमच्या आखणीतला सगळ्यात जड दिवस इंटरलाकेन ते व्हेनिस. श्पीट्सला गाडी बदलायची, तिथून युरोसिटी आधी लोचबर्गच्या आणि मग सिम्प्लॉनच्या बोगद्यातून इटलीत उतरते. सिम्प्लॉनचा बोगदा १९०६ सालचा, जवळजवळ वीस किलोमीटरचा, मुलीला आधीच सांगून ठेवा. मिलानो चेंत्रालेला उतरून पुन्हा बदल, आणि तिथून व्हेनिस साधारण अडीच तास. मिलानमध्ये निदान सव्वा तास ठेवा. सीमेपलीकडून येणारी गाडी उशिरा येऊ शकते, दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पुढची गाडी चुकल्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि परत न होणारं तिकीट असेल तर नवं घ्यावं लागतं. म्हणून या टप्प्यावर मी स्वस्तातलं सुपर इकॉनॉमी तिकीट न घेता 'बेस' दराचं, बदलता येणारं तिकीट घ्यायला सांगते. श्पीट्सहून सकाळची गाडी घ्या, म्हणजे काही बिनसलं तरी मागे दोन-तीन गाड्या उरतात. उन्हाळ्यात या मार्गावर रुळांची कामं निघतात, तेव्हा तारखेचं वेळापत्रक महिनाभर आधी पुन्हा उघडून बघा.

मिलानच्या स्टेशनावर बोर्ड कसा वाचायचा ते आत्ताच समजून घ्या. तिथे 'पार्तेंत्से' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, 'बिनारियो' म्हणजे फलाट, 'रितार्दो' म्हणजे उशीर. बोर्डावर गाडीचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, तुमचं नव्हे. मनमाडहून नाशिकला येणाऱ्याला बोर्डावर मुंबई दिसते, तसंच. व्हेनिसहून रोमला निघाल तेव्हा तुमच्या गाडीपुढे कदाचित नापोली किंवा सालेर्नो लिहिलेलं असेल. म्हणून शहर शोधू नका, तिकिटावरचा गाडी क्रमांक आणि सुटण्याची वेळ जुळवा. व्हेनिसला उतरतानाही जपा. आधी व्हेनेत्सिया मेस्त्रे लागतं, ते मुख्य भूमीवर आहे. तुम्हाला पुढचं, पाण्यापलीकडचं सांता लुचिया हवं. तिकीट काढतानाच सांता लुचियापर्यंतची गाडी निवडा, कारण काही गाड्या मेस्त्रेवरूनच पुढे दुसरीकडे वळतात.

व्हेनिसमधलं हॉटेल ठरवताना भाडं बघण्याआधी पूल मोजा. तिथल्या बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. चाकांची बॅग प्रत्येक पुलावर उचलावी लागते आणि सासूबाईंना प्रत्येक पूल चढ-उतार. स्टेशनाबाहेर डावीकडे लिस्ता दी स्पान्या नावाचा रस्ता जातो, त्यावर गुल्ये पुलापर्यंत मधे एकही पूल नाही. त्या पट्ट्यात खोली मिळाली तर डोळे झाकून घ्या. सान मार्को या मुख्य चौकात वापोरेत्तोने, म्हणजे तिथल्या बोट-बसने जा, तेवढेच गुडघे वाचतात. मुलीच्या गोंडोल्याचा दर महापालिकेने ठरवलेला आहे, दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, आणि तो होडीमागे आहे, माणशी नाही. चौघे एकत्र बसा आणि बसण्याआधी वेळ किती ते पक्कं करून घ्या.

गुडघ्यांचा विषय निघालाच आहे तर पॅरिसचंही सांगते. तिथली मेट्रो उत्तम आहे, पण जुन्या स्टेशनांत लिफ्ट क्वचितच. सगळी स्टेशनं पायऱ्यांशिवाय गाठता येतील अशी १४ नंबरची एकच लाइन आहे. सासूबाईंसाठी बसने फिरा, रस्ताही दिसतो. लिरियाच्या गाड्या दोनमजली असतात, तिकीट काढताना खालच्या मजल्यावरच्या जागा निवडा. इटलीत मोठ्या स्टेशनांवर 'साला ब्लू' नावाची मदतसेवा असते. आधी कळवून ठेवलं तर व्हीलचेअर आणि गाडीत चढवून देणारा माणूस फुकट मिळतो. आपल्याकडची माणसं ही सेवा मागायला संकोचतात, सासूबाईही 'मला काय झालंय' म्हणतील. तरी मिलानसाठी ती नोंदवाच, तिथले फलाट लांबलचक आहेत.

बॅगा माणशी एक, मधल्या आकाराची, आणि वर एक छोटी पाठपिशवी. टीजीव्हीत माणशी दोन मोठ्या आणि एक छोटी असा नियम आहे आणि प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी लागते, पण नियम बसतोय म्हणून तेवढ्या नेऊ नका. बॅगा भरून झाल्या की आपापली बॅग उचलून घरच्या जिन्याचे दोन मजले न थांबता चढून बघा. ज्याला दम लागेल त्याने सामान कमी करायचं. सासूबाईंच्या बॅगेचं वजन तुमचे यजमान उचलणार आहेत, म्हणून त्यांनी दोन्ही घेऊन चढावं. कपडे आठवड्याचे पुरतात, इंटरलाकेनला कपडे धुवायचं यंत्र असलेलं अपार्टमेंट घ्या. स्वयंपाकघरही मिळतं, आणि चार रात्री घरचा वरणभात मिळाला की सासूबाई आणि मुलगी दोघी खूश. खाऊ न्या, पण युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, खवा, पनीर घरी ठेवा. भडंग, चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या चालतात. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बाहेरची दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली उघडी असतात.

इटलीत दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लोकल म्हणजे रिजनल गाडीचं कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. तो नसेल तर खरं तिकीट हातात असूनही दंड होतो. फोनवरच्या रिजनल तिकिटाला चेक-इन करावं लागतं. वेगवान गाड्यांना यातलं काही नाही, तिथे जागा आणि गाडी ठरलेली. दुसरी गोष्ट संपाची, तिकडे 'शोपेरो' म्हणतात. तो बहुधा आधी जाहीर होतो आणि संपातही काही गाड्या हमखास चालवल्या जातात, त्यांची यादी रेल्वेच्या साइटवर असते. निघण्याच्या आठवड्यात आणि प्रत्येक बदलाच्या आदल्या रात्री ती बघा. विमानाच्या शहरात शेवटची रात्र काढायची ती याचसाठी. रोममध्ये असताना संप झाला तर टॅक्सीने विमानतळ गाठता येतो, व्हेनिसमध्ये असताना झाला तर विमान गेलं.

खिसेकापूंबद्दल घाबरवत नाही, पण पॅरिसची मेट्रो, मिलानो चेंत्राले आणि रोमा तेर्मिनी इथे पासपोर्ट अंगालगतच्या पाऊचमध्ये ठेवा. तिकिटाच्या यंत्रापाशी किंवा बॅग चढवताना आपणहून मदतीला येणाऱ्याला हसून नको म्हणा. गणवेशातल्या माणसालाच विचारा. शेंगेनमध्ये सीमेवर नेहमी तपासणी नसते, तरी स्वित्झर्लंडहून इटलीत जाताना पोलीस गाडीत येऊ शकतात, पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. पॅरिसला उतरल्यावर पहिल्याच दिवशी कसलंही वेळेचं तिकीट काढू नका. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, रांगेत किती वेळ जाईल हे सांगता येत नाही.

पैशांचं एकच सांगते. बँकेच्या ॲपमध्ये कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या, आणि ओटीपी ज्या नंबरवर येतो त्याचं रोमिंग सुरू ठेवा. नाहीतर परदेशात उभं राहून तिकीट काढताना पैसे जात नाहीत. दोघांकडे वेगवेगळ्या बँकांची कार्डं असू द्या. सगळी तिकिटं दोन्ही फोनमध्ये उतरवून ठेवा, बोगद्यात तपासनीस आला तर नेटवर्क नसतं.

तर आता क्रम असा. या आठवड्यात घरी बसून चार मुक्काम आणि रात्री ठरवा. मग विमानाचे दर बघा, रद्द होणारी हॉटेलं घ्या, इटलीच्या व्हिसाची अपॉइंटमेंट घ्या. व्हिसा आला की त्याच दिवशी पॅरिस-बाझेल, श्पीट्स-मिलान आणि मिलान-व्हेनिस ही तीन तिकिटं, दुसऱ्या दिवशी व्हेनिस-रोम. स्विस कार्ड निघण्याच्या आठवड्यात घेतलं तरी चालतं, त्याचा दर लवकर घेऊन कमी होत नाही. तुमच्या तारखा ठरल्या की इथेच लिहा, मिलानमधल्या बदलाच्या गाड्या बघून कोणती जोडी घ्यायची ते सांगते. आणि सासूबाईंना एकदा विचारा, त्यांना स्वतःला काय बघायचंय. तुमच्या प्रश्नात तेवढं राहिलंय.